म्हाताऱ्याला आता पाणी पुरे

नदीकाठ, २६ एप्रिल १९७०

लुकाताई,

आधी गोड बातमी. बाबा परत आले! मागच्या रविवारी, भर दुपारी, आपल्या भावाच्या घरी, इव्हानकडे. फेक्लावहिनीला फारसा त्रास झाला नाही. बाळंतपण मी केलं असं कागदावर लिहिलंय. खरं तर आईनं केलं आणि मी औषधांची सरकारी पेटी उघडून बाजूला बसले. शिक्षण घेऊन आलेली गावची आरोग्यसेविका मी, पण आई समोर असली की माझी पेटीसुद्धा गप्प बसते.

नाव काय ठेवायचं हे कुणाला विचारावं लागलं नाही. बाबांना जाऊन नऊ आठवडे झाले, त्यांचं नाव नव्या बाळाची वाट बघत रिकामंच होतं. आईनं बाळाच्या ओठांना पाणी लावलं, टाळूवर चार थेंब सोडले आणि म्हणाली, "उक्सुक, आलास का रे म्हाताऱ्या? एवढी घाई होती तर गेलास कशाला?" सगळे हसलो आणि सगळे रडलो. तेव्हापासून घरी रीघ लागलीय. कुणी सीलचं तेल आणतं, कुणी हातमोजे. इव्हान शिकारीला जाताना पोटच्या पोराला विचारतो, "बाबा, तुमची बंदूक नेऊ का?" बाळानं जांभई दिली की निघतो.

एक सांगते, चिडू नकोस. आई त्याला दिवसभर चमच्यानं पाणी पाजते. बाबा शेवटी तुझ्या हॉस्पिटलात पाणी मागत गेले हे तिच्या मनातून जात नाही. "तिकडे माझ्या माणसाला पाण्यावाचून मारलं. माझ्या घरात तो तहानेला राहणार नाही," म्हणते. मी म्हटलं, अगं, तान्ह्याला आईचं दूध पुरतं, पुस्तकात लिहिलंय. तर म्हणाली, "पुस्तकानं नवरा पुरलाय का कधी?"

तुझं नाव मी घरात काढत नाही. 'पाणी मिळणार नाही' हे बाबांना आपल्या भाषेत तू सांगितलंस, हे त्याच वॉर्डातल्या वासिलीनं गावात येऊन सांगितलंय. डॉक्टरला आई केव्हाच विसरली. तुला विसरत नाही.

बाळ जरा काळसर आहे आणि जरा आळशी. दूध ओढता ओढता झोपतं. कालपासून दोनदा ओकलं. आई म्हणते, बाबांचेही जेवणात नखरेच होते. आज ईस्टर, चर्चमधून गोड पाव आणलाय, तुझ्या वाटचा मीच खाल्ला.

तुझी मार्फा


अँकरेज, ३० एप्रिल

मार्फा,

पत्र वॉर्डच्या जिन्यात उभ्यानं वाचायला घेतलं आणि तिथेच पायरीवर बसले. बाबा आले. बरं झालं. माझ्याकडून त्यांच्या गालाला नाक लावून त्यांचा वास घे.

आईनं माझं नाव टाकलं तर टाकू दे. पण तुला खरं काय ते सांगते, तिला सांगायचं नाही. बाबांच्या पायांना, पोटाला पाणी भरलं होतं. हृदयाला ते झेपत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, पाणीही तोडा आणि मीठही तोडा. मी दुभाषी. ते बोलतील ते आपल्या माणसांना आपल्या बोलीत सांगायचं, एवढंच माझं काम. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरी, पाणी नाही तर नाही, खारवलेल्या माशाचा तुकडा तरी दे." त्यालाही मी नाही म्हटलं. पाण्याचं सगळ्या गावाला कळलंय, माशाचं फक्त तुला माहीत आहे.

आई चमच्यानं पाणी पाजते ते बाळासाठी कमी आणि मला टोचायला जास्त, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. तिचं समाधान होत असेल तर पाजू दे. चार थेंबांनी काय होतंय? उकळून गार केलेलं असलं म्हणजे झालं.

ओकतं म्हणतेस. वजन कर आणि कळव.

लुकेरिया


नदीकाठ, ४ मे

लुकाताई,

घाईत लिहितेय. पत्रांचं विमान नदीच्या बर्फावर उतरलंय आणि पायलट उतरल्या उतरल्या शिव्या देत सुटलाय. बर्फ मऊ पडलंय, काठाला पाणी दिसतंय. ही शेवटची फेरी, म्हणाला. आता बर्फ फुटून वाहून जाईपर्यंत विमान उतरणार नाही. दोन आठवडे धरून चाल.

वजन केलं. जन्मताना सात पौंड होतं. आज सहाही नाही. रडतं ते मांजराच्या पिल्लासारखं. टाळू खाली गेलीय. दर दुधाला ओकतं. काल डॉक्टरांच्या वेळेला रेडिओवर सांगितलं. त्यांनी विचारलं, ताप आहे का, जुलाब आहेत का. मी म्हटलं, ताप नाही, ओकतं आणि सुकत चाललंय. ते म्हणाले, सुकत असेल तर पाणी द्या, थोडं थोडं, सारखं. आई बाजूलाच होती. माझ्याकडे असं बघितलं की बस! "बघ, त्यांनाही अक्कल आली," म्हणाली. आता ती चमचा खालीच ठेवत नाही.

आता जे लिहिते ते फक्त तुला. रेडिओवर मी हे बोलले नाही. डॉक्टरांची वेळ झाली की नदीकाठची सगळी गावं कान लावून बसतात हे तुला माहीत आहे. कुणाला गळू झालं, कुणाला दिवस गेले, सगळं चहाबरोबर ऐकतात. त्यात मी बाबांच्या शरीराचं काय सांगू? बाळ मुलगा आहे, दिसतंही तसंच. पण पिशवीत हाताला काही लागत नाही, दोन्ही बाजूंना. आणि लघवीची जागा नेहमीसारखी नाही. आई म्हणाली, "उतरेल मागाहून, त्यात बघायचं काय? म्हाताऱ्याची लाज काढतेस?" मी दुपटं परत गुंडाळलं. तिथे कुणाला विचारता आलं तर विचार. पायलट ओरडतोय.

मार्फा


रेडिओ स्टेशनला दिलेला निरोप, अँकरेज, ७ मे
(संध्याकाळच्या निरोपांत, आपल्या बोलीत, तीन दिवस वाचावा)

नदीकाठच्या मार्फाला आणि तिच्या आईला, लुकेरियाकडून. म्हाताऱ्याला आता पाणी पुरे. साधं पाणी एक थेंबही नको. मी द्या म्हटलं होतं, माझं चुकलं. आई, इथे त्याची दोन गोष्टींवाचून उपासमार झाली. पाणी तू त्याला भरपूर दिलंस. दुसरी गोष्ट त्यानं माझ्याजवळ मागितली होती, खारवलेला मासा. मी दिला नाही. त्याला मीठ हवंय. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घाल, डोळ्यांतल्या पाण्याइतकं खारट, आणि तेच थेंबाथेंबानं दे, दिवसभर. मार्फा, मला पत्रात लिहिलंस ते डॉक्टरला रेडिओवर सांग. सगळं सांग. नदीला ऐकू दे.


नदीकाठ, १६ मे

लुकाताई,

विमान येईल तेव्हा हे पत्र जाईल. काय काय झालं ते ओळीनं सांगते.

निरोप आला तेव्हा आम्ही सगळे इव्हानकडेच होतो. बाळ तीन दिवस जवळजवळ प्यायलंच नव्हतं. फेक्ला भिंतीकडे तोंड करून बसली होती. आईच्या मांडीवर बाळ, हातात चमचा. रेडिओवर तुझं नाव आलं तसं आईनं मान वळवली. पुढचं सगळं तिनं ऐकलं. माशाचं आलं तेव्हा चमचा वाटीत ठेवला.

मी मनात म्हटलं, आता ही रेडिओ उचलून बाहेर फेकते. तिनं बाळाकडे बघितलं. मग त्याला म्हणाली, "मला का नाही मागितलास? पोरीकडे मागत बसलास, मेल्या." बाळ फेक्लाच्या ओटीत दिलं आणि बाहेर गेली. बाबांनी गेल्या शरदात भरलेलं माशाचं पिंप आहे ना, त्यातला एक मासा घेऊन आली. मी तिचा हात धरला. आईचा हात मी आयुष्यात पहिल्यांदा धरला, ताई. म्हटलं, हे फार खारट, मरेल तो. पुडीतलं मीठ घेऊ, मापानं. तिनं ऐकलं! मी पाण्यात मीठ विरघळवलं आणि चव तिलाच घ्यायला लावली. ती जीभ लावायची आणि म्हणायची, अजून. अजून. मग म्हणाली, "हं, डोळ्यांतलं असंच लागतं. मला विचार." अडीच महिने तेच पितेय ती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या वेळेला मी बोलले. पिशवीचं सांगितलं, काळं पडलंय ते सांगितलं, जे जे डोळ्यांनी बघितलं ते सगळं. पलीकडे डॉक्टरांचा सूरच बदलला. पेटीतल्या बाटल्यांची नावं वाचायला लावली, एकामागून एक. तळाला सांध्यांच्या दुखण्यासाठी दिलेली एक बाटली होती. "तीच!" ओरडले. त्यातलं किती भरायचं, मांडीत कुठे टोचायचं, सगळं दोनदा माझ्याकडून वदवून घेतलं. मी सुई भरली. आई म्हणाली, "टोच. हे माझ्याकडे बघतायत, मी धरते." ती बाळाशी बोलत राहिली आणि मी टोचलं.

चौथ्या दिवशी त्यानं दूध ओढलं आणि ते पोटात राहिलं. पण बरं झालंय असं समजू नको. इंजेक्शनची बाटली संपत आलीय आणि डॉक्टर रोज विचारतात, बर्फ फुटलं का? रोज सांगते, नाही.

अजून एक. मी रेडिओवर बोलले त्या संध्याकाळी निरोपांत चार गावांहून निरोप आले. माझ्या नावानं. 'आमचाही तसाच होता.' एवढंच. वरच्या गावाहून एक, खालून तीन. मला त्यांचं काय करावं कळत नाही.

१८ मे. काल बर्फ गडगडत निघालं. आज पाण्यावर उतरणारं विमान आलंय. एकच खाट आहे, बाळ आणि फेक्ला जाणार. आईनं बाळाला दारात अडवलं. "तिकडे गेलेला शवपेटीतून आला," एवढंच म्हणत राहिली. पायलट घड्याळ बघत होता. मग तिनं स्वतःच बाळाला दुपट्यात गुंडाळून फेक्लाच्या हाती दिलं. "लुकाला सांग, या वेळी परत पाठव."

मार्फा


अँकरेज, २४ मे

मार्फा,

आईला आधी हे वाच. जिवंत आहे. नळी हाताला लावलीय, त्यातून मीठच जातंय. वजन वाढतंय. नर्सच्या बोटाला काल एवढं घट्ट धरलं की ती म्हणाली, हा कोण शिकारी आणलात?

आता बाकीचं. मुलांचे डॉक्टर आहेत इथे, वयस्कर, चष्मा डोक्यावर ठेवून विसरणारे. तुझं चार मेचं पत्र त्यांना मी शब्दन् शब्द सांगितलं होतं. चहाचा कप तसाच ठेवून उठले. म्हणाले, मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन इवल्या ग्रंथी असतात. शरीरातलं मीठ धरून ठेवायला सांगणारा रस त्या बनवतात. या बाळाच्या ग्रंथींना तो बनवताच येत नाही. मीठ लघवीवाटे वाहून जातं. अशा बाळाला साधं पाणी दिलं की उरलंसुरलं मीठही पातळ होतं. तो रस जमत नाही म्हणून भलताच रस जास्त होतो, त्यानं मुलगी मुलासारखी दिसते. तपासणी झालीय. आपला उक्सुक मुलगी आहे. फेक्लाला मीच सांगितलं. ती म्हणाली, "बाबा ते बाबाच." इव्हानला बंदुकीची परवानगी तिच्याकडूनच घ्यावी लागणार.

गोळ्या आणि मीठ जन्मभर. एक दिवस चुकवायचा नाही. ताप आला की दुप्पट. बर्फ फुटायच्या आणि नदी गोठायच्या आधी दोन महिन्यांचा साठा घरात असलाच पाहिजे.

डॉक्टर म्हणतात, जगात हा आजार फार विरळा. पण आपल्या नदीवर तो विरळा नसावा, अशी त्यांना शंका आहे. तुला आलेले ते चार निरोप मी त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी कागद पुढे ओढला. आपल्या कुटुंबात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गेलेली सगळी बाळं लिहून पाठव. नावं, किती दिवसांची होती ते. आईलाच माहीत असेल.

लुकेरिया


नदीकाठ, ६ जून

लुकाताई,

यादी सोबत आहे. मला वाटलं होतं तीन-चार निघतील. आई मासे टांगायच्या काठ्या सोलत होती. मी विचारलं तशी काम न थांबवता सांगायला लागली. कोण, कुणाचं, कुठल्या मोसमात, किती दिवसांचं. मी लिहीत गेले. अकरा झाली. तिची स्वतःची चार. आपल्याला दोनच माहीत होती. तिची ती चार अकराव्या, तेराव्या, सतराव्या आणि नवव्या दिवशी गेली. सगळे मुलगेच म्हणून पुरलेत.

तुझं पत्र मी तिला पूर्ण वाचून दाखवलं होतं. पाण्याचंही. वगळायला हवं होतं, मला सुचलं नाही. यादी संपल्यावर तिनं चाकू खाली ठेवला आणि विचारलं, "चौघंही सुकत होते, म्हणून मी पाणी पाजलं. रात्रंदिवस पाजलं. लुकाच्या पहिल्या बाळालाही मीच पाजलं, मासेमारीच्या तळावर. मग ते मी केलं का?"

मी म्हटलं, नाही गं. ती म्हणाली, "तुला काय माहीत? लुकाला विचार. ती खोटं बोलत नाही, म्हणून तर मी तिच्याशी बोलत नाही."

तिनं दोन दिवस अन्नाला हात लावलेला नाही. काय लिहायचं ते विचार करून लिही.

आणि आता माझं. मला पाचवा महिना आहे. तुझी धांदल चालली होती म्हणून सांगितलं नव्हतं, असं लिहिणार होते, पण खरं म्हणजे भीतीनं सांगितलं नाही. माझा नवरा सर्गाय फेक्लाचा सख्खा भाऊ आहे. मी इव्हानची सख्खी बहीण. मला बेरीज करता येते.

मार्फा


अँकरेज, १२ जून

मार्फा,

हे पत्र आईसमोर बसून सावकाश वाच. एकही शब्द गाळू नको.

आई, मी डॉक्टरांना विचारलं. कुठलीही पळवाट न ठेवता विचारलं. ते म्हणाले, त्या काळात औषधच नव्हतं. पाण्यानं एखादा दिवस कमी झाला असेल. पाणी दिलं नसतं तरी त्या चौघांतलं एकही राहिलं नसतं. माझा पहिलाही नाही. हे मी तुझं मन राखायला सांगत नाही.

तुला खात्री पटायला हवी म्हणून दुसरं सांगते, जे मी कुणाला सांगितलेलं नाही. माझा दुसरा जन्मतःच गेला, असं मी गावाला कळवलं होतं. ते खोटं होतं. मी खोटं बोलते, आई. तो बारा दिवस होता. इथे, याच शहरात, भाड्याच्या खोलीत. पहिल्याच्या वेळी तू पाणी पाजलं होतंस म्हणून मी दुसऱ्याला एक थेंब दिला नाही. पुस्तकात होतं तसं सगळं केलं. नावाचं पाणीसुद्धा ओठांना लावलं नाही, नाव ठेवलंच नाही. वाटलं, इथे कोण आहे बघायला, गावी नेईन तेव्हा तू ठेवशील. तो तसाच सुकून गेला, अगदी पहिल्यासारखा. दहा वर्षं मी मनात धरून आहे की नावाचं पाणी दिलं नाही म्हणून गेला. नाव नव्हतं म्हणून थांबला नाही. तुला तोंड दाखवायची हिंमत झाली नाही.

तू पाजलंस, तो गेला. मी पाजलं नाही, तोही गेला. आपण दोघींनी काही केलं नाही, आई. मला हे त्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी त्यांच्या खोलीत मोठमोठ्यानं रडले.

मार्फा, तुझी बेरीज बरोबर आहे. हा आजार आई-बाप दोघांच्या रक्तातून येतो, चारातल्या एका बाळाला. कदाचित नाहीही. तू कुठे बाळंत होणार ते कळव.

लुकेरिया


मासेमारीचा तळ, २१ जून

लुकाताई,

वाचलं. सगळं, एकही शब्द न गाळता. आई मासे चिरत होती. वाचून झाल्यावरही तिनं हातातला मासा पुरा केला, काठीवर टांगला, हात धुतले. मग विचारलं, "बारा दिवस?" मी हो म्हटलं. "एकटीच होती?" मी म्हटलं, हो, एकटीच असणार. संध्याकाळी जेवली, पोटभर नाही, पण जेवली.

आज सकाळी माझ्याजवळ आली आणि माझ्या पोटावर हात ठेवला. "तुझे दिवस कधी भरतात?" मी सांगितलं, ऑक्टोबरच्या मध्याला. ती म्हणाली, "तेव्हा नदी गोठायला लागते. ना होडी जाते, ना विमान उतरतं. तू सप्टेंबर लागला की लुकाकडे जायचं." मी म्हटलं, "तिकडे? तूच तर म्हणतेस, तिकडे गेलेलं पेटीतून येतं." तर माझ्यावरच ओरडली, "मी काय काय म्हणते ते मला सांगू नकोस! लुकाला लिही, दोन खाटा लागतील. मीही येतेय."

ताई, मला रडू फुटलं. म्हटलं, तू तिथे करणार काय, तुला भाषा येत नाही, तुला हॉस्पिटलचा वास सहन होत नाही.

"नवव्या दिवसापासून बघत बसायचं असतं," ती म्हणाली. "दिवस मला मोजता येतात."

मार्फा